अर्ध्या भट्टीची शपथ

मीलूद भट्टीवाल्याच्या घरात साधं बोलणं बंद होऊन सहा वर्षं झाली होती. म्हणजे बोलत सगळेच होते, आणि भरपूर बोलत होते. पण कोर्टात बोलतात तसं. हरीऱ्याच्या सुपात मीठ कमी लागलं तर मीलूद म्हणायचा, "माझ्या माहितीप्रमाणे आज मीठ पडलेलं नाही." त्यावर त्याची बायको यामना मान वर न करता म्हणायची, "पडलंय. नाही पडलं हे तुम्ही सिद्ध करा." मग त्यांची मुलगी शामा दोघांच्या मध्ये मिठाची वाटी ठेवून निकाल द्यायची, "दोन्ही पक्षांनी आपापलं घालून घ्यावं. पुढची तारीख उद्या दुपारी."

शामा पंधरा वर्षांची होती आणि त्या वसंतात तिला अचानक आवाज फुटला होता. शाळेतर्फे ती मोठ्या शहरात, फेजला, वक्तृत्व स्पर्धेला गेली, तिथे मोठमोठ्या शाळांच्या मुलांना तिने गप्प केलं, आणि परत आली ती वेगळीच मुलगी होऊन. आधी बाजारात भाव विचारायला लाजणारी शामा आता ऑलिव्हवाल्याशी घासाघीस करून वर मूठभर फुकट घेऊन यायची. बोलून सुटणार नाही असा गुंता जगात नसतो, असं तिचं ठाम मत झालं होतं. मत नवं होतं, अजून कुठे आपटलं नव्हतं.

दावा होता भट्टीचा. फेजजवळच्या सफ्रू गावाच्या जुन्या वस्तीत, नदीकडे उतरणाऱ्या त्या गल्लीत घरोघरी सकाळी कणीक मळतात, जाड गोल रोट्या थापून लाकडी फळीवर मांडतात, वर फडकं घालतात आणि फळी भट्टीवर पाठवतात. भाजणं भट्टीवाल्याचं काम. ही भट्टी शामाच्या आजोबांनी, हम्मूंनी, बांधलेली. हम्मू गेले, मागे दोन मुलगे राहिले, थोरला अल्लाल आणि धाकटा मीलूद. चाळिसाव्या दिवसाचं जेवण झालं, पाहुणे पांगले आणि दोघे भाऊ गच्चीवर जाऊन बसले. तिथे दोघांत जे बोलणं झालं, त्यावरून पुढचा सगळा तमाशा.

अल्लालचं म्हणणं, मीलूद तेव्हा म्हणाला, "भट्टी तूच घे दादा, माझा हिस्सा मी सोडला. मी फेजला जाऊन काहीतरी करीन." मीलूदचं म्हणणं, हिस्सा सोडतो असं मी बोललोच नाही. फेजला जायचा विचार होता हे त्याला कबूल होतं. गेला नाही हे सगळ्या गल्लीला दिसत होतं. गच्चीवर तिसरं माणूस नव्हतं. कागद नव्हता. सख्ख्या भावांत कागद कोण करतं?

कोर्टाने पहिल्याच वर्षी तात्पुरता हुकूम दिला. निकाल लागेपर्यंत एक आठवडा भट्टी अल्लालने चालवायची, एक आठवडा मीलूदने. दोघांच्या वकिलांनी दोघांना वेगवेगळं बोलावून एकच सल्ला दिला : समोरच्याशी अवाक्षर बोलू नका, तुमच्या तोंडचा शब्द उद्या तुमच्याच गळ्यात पडेल. वडिलांचा कुठलाही सल्ला भावांनी कधी इतका मन लावून पाळला नव्हता.

अल्लालचं घर चार दारं सोडून. त्याची मुलगी बतूल शामाच्याच वर्गात. लहानपणी दोघी एका ताटात जेवायच्या. आता भूगोलाची वही मागायची तरी तिसरीमार्फत. दिराच्या आठवड्यात भट्टीवर फळी पाठवणं यामनाला कमीपणाचं वाटे, म्हणून ती घरीच तव्यावर रोट्या भाजायची. त्या बाहेरून करपायच्या, आतून कच्च्या राहायच्या, आणि छान झाल्यात असं सगळ्यांना म्हणावं लागायचं. गल्लीतल्या बायकांचेही दोन तट पडले होते. म्हातारी लल्ला मीना तेवढी दोन्ही आठवडे फळी घेऊन हजर. "माझी रोटी कोर्टात जात नाही," ती म्हणायची, "पोटात जाते."

तारखांचं तर विचारूच नका. एकदा न्यायाधीशांची बदली झाली आणि नव्यांनी सगळं पहिल्यापासून वाचायला घेतलं. एकदा कोर्टाने नेमलेला तज्ज्ञ आला आणि धुराड्याची उंची मोजून गेला. धुराड्याबद्दल कुणाचीच तक्रार नव्हती. प्रत्येक तारखेला मीलूद पांढरा पायघोळ झगा, जेलाबा, चढवून जायचा आणि बाकड्यावर बसून पुकाऱ्याची वाट बघायचा. समोरच्या बाकड्यावर अल्लाल, तोही पांढऱ्याच जेलाब्यात, लग्नाला आल्यासारखा. पुकारा झाला की वकील दोन-दोन वाक्यं बोलायचे, पुढची तारीख पडायची, संपलं. घरी आल्यावर मीलूद सगळी हकीगत पुन्हा पहिल्यापासून सांगायचा : चाळिसावा दिवस, गच्ची, दिवस मावळून मगरिबची नमाज होऊन गेलेली, बारीक शिंतोडे. यामनाला ती पाठ होती, शामाला पाठ होती, भट्टीसमोर झोपणाऱ्या मांजरालाही असावी.

आणि मग त्या वसंतात बन्नानी वकीलबाईंनी मीलूदला कचेरीत बोलावून घेतलं. फाइल धरायला म्हणून शामाही गेली. फाइल तिने धरली नाही, खुर्ची मात्र धरली.

"अल्लालनं शेवटचा फासा टाकलाय," बन्नानीबाई म्हणाल्या. "पुरावा त्याच्याकडे नाही, तुमच्याकडेही नाही. म्हणून त्यानं निर्णायक शपथ मागितलीय, आणि कोर्टानं ती मान्य केली. येत्या शुक्रवारी दुपार उतरल्यावर, असरच्या नमाजेनंतर, मशिदीत. तुम्ही अल्लाची शपथ घेऊन म्हणायचं की मी हिस्सा सोडला नाही. म्हणालात की अर्धी भट्टी तुमची. कायमची. मग त्याला कुठलाही पुरावा सापडला तरी उपयोग नाही."

"आणि शपथ नाही घेतली तर?" मीलूदने विचारलं.

"तर सगळी भट्टी त्याची. तीही कायमची. त्यावर अपील नाही."

"तिसरा मार्ग?" शामा म्हणाली.

बन्नानीबाईंनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. "आहे. शपथ परत पाठवता येते. मी घेत नाही, त्यानंच घ्यावी, असं म्हणायचं. मग त्यानं घेतली तर तो जिंकला, नाही घेतली तर तुम्ही. पण मीलूदसाहेब, तुम्हाला त्याची गरज काय? तुम्ही खरे आहात. एक वाक्य म्हणायचं आणि घरी यायचं."

शामाला हे फारच सोपं वाटलं. इतकं सोपं, की अल्लालकाकांना वेड लागलंय का, असं तिने वाटेत लल्ला मीनाला विचारलं. लल्ला मीना दारात बसून वाटाणे सोलत होती.

"वेड कसलं," ती म्हणाली. "तुमच्या घराण्यात शपथ घेत नाहीत, हे त्याला नाही माहीत तर कुणाला? तुझ्या आजोबांचं खेचर एकानं आपलं म्हणून बांधून घातलं होतं. काझी म्हणाला, हम्मू, शपथ घे की तुझं आहे, आणि घेऊन जा. हम्मूनं हाक मारली की ते खेचर दावं ताणायचं, सगळा बाजार बघत होता. हम्मू म्हणाला, खेचरासाठी अल्लाचं नाव काढू? राहू दे त्यालाच. आणि आला चालत घरी."

"पण शपथ तर खरी असती."

"खरी असली तरी. खोटी शपथ घेणाऱ्याचं घर बसतं, आणि खरी घेणाऱ्याच्या घरात काही टिकत नाही, असं म्हणतात."

"कोण म्हणतं?"

"ज्यांची खेचरं गेली ते," लल्ला मीना म्हणाली आणि एक वाटाणा तोंडात टाकला.

गल्लीचा कौल एकमुखी होता : मीलूद शपथ घेणार नाही. अल्लालचा सगळा डाव त्यावरच उभा होता. म्हणून शामाने कंबर कसली. तो मीलूदचा आठवडा होता. शाळा सुटली की ती भट्टीवर जाऊन बसायची आणि बापाच्या मागे लागायची.

"आजोबांचं खेचर गेलं, ते चालत घरी आले. तुमची भट्टी गेली तर तुम्ही चालत कुठे जाणार?"

"अल्लाची जमीन मोठी आहे," मीलूद रोट्यांचं फावडं आत सरकवत म्हणाला.

"जमीन मोठी आहे, पण भट्ट्या मोजक्याच. दुसऱ्याच्या भट्टीवर राख उपसायला जाणार का या वयात? आणि मला सांगा, खोटं बोलणाऱ्याला शपथेची भीती वाटायला हवी की खऱ्याला? तुम्ही गप्प बसलात तर अल्लाला तरी कसं कळणार कोण खरं?"

"त्याला कळतं."

"त्याला कळतं हो, पण कोर्टाच्या कारकुनाला नाही कळत."

यावर मीलूदला हसू आलं, आणि हसू आलं तिथेच तो हरला. बुधवारी संध्याकाळी तो म्हणाला, "बरं. घेतो शपथ. तू वकील हो बाई."

"होणारच आहे," शामा म्हणाली.

इथे थांबली असती तर शामाने तो दावा जिंकला असता. पण स्पर्धेत तिला शिकवलं होतं की तयारी कधी पुरी होत नाही. गुरुवारी दुपारी तिने बैठकीवरच्या उशा रचून त्यावर बसकण मारली, बापाला समोर उभं केलं आणि उलटतपासणी सुरू केली.

"शपथेच्या वेळी असं कुणी विचारत नाही," मीलूद म्हणाला.

"विचारलंच तर? तुमची जीभ अडखळायला नको. सांगा, गच्चीवर कोण होतं?"

"मी आणि अल्लाल."

"वेळ?"

"मगरिबची नमाज होऊन गेली होती. बारीक शिंतोडे पडत होते."

"काकांच्या अंगावर काय होतं?"

"तपकिरी जेलाबा. लोकरीचा."

स्वयंपाकघरातून यामनाचा आवाज आला, "तो तपकिरी? तो तर त्यांनी पुढच्या हिवाळ्यात शिवला. शिंप्याकडे मीच बघितला होता."

"मग दुसरा असेल."

"आणि शिंतोडे कसले?" यामना हात पुसत बाहेर आली. "चाळिसावा भर उन्हाळ्यात होता. पाहुण्यांना आपण कलिंगड कापलं. माश्या किती झाल्या होत्या, आठवत नाही?"

"शिंतोडे कैफियतीत आहेत," मीलूद म्हणाला.

"असतील. आकाशात नव्हते."

इतकी वर्षं यामनाने शिंतोडे ऐकूनही सोडून दिले होते. कोर्टाच्या कागदात काय असतं आणि काय नसतं, ते वकिलाला कळतं असं ती धरून चालली होती. आज कुणी तरी पहिल्यांदा प्रश्न विचारत होतं, म्हणून तिनेही उत्तर दिलं.

"ते राहू द्या," शामा म्हणाली. "मुद्द्याचं सांगा. तुम्ही काकांना काय म्हणालात? शब्दशः."

मीलूदने घसा साफ केला. "मी म्हणालो, मी माझा हिस्सा मोबदल्यासह अथवा मोबदल्याविना, कोणत्याही स्वरूपात सोडलेला नाही व सोडणार नाही."

यामना फिसकन हसली. शामाही हसली. "बाबा, हे बन्नानीबाईंचं वाक्य आहे. वडील जाऊन चाळीस दिवस झालेत, शेजारी सख्खा भाऊ बसलाय, त्याच्याशी असं कोण बोलतं? तुमचं वाक्य सांगा ना. तुम्ही काय म्हणालात?"

मीलूदने तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं. आपल्याच घरातल्या एका खोलीत बऱ्याच दिवसांनी जावं आणि आत वकिलाची टेबल-खुर्ची मांडलेली दिसावी, तसा तो उभा होता.

"नाही म्हणालो असणार," तो म्हणाला.

"असणार?"

"फेजला जायचं म्हणत होतो, ते बोललो. तेवढं आठवतं. दादानं विचारलं, मग भट्टीचं काय. मग मी..." त्याने कपाळावर हात फिरवला. "मग पुढे मला कागदच आठवतो."

शामाचं हसू गेलं. त्यानंतर तासभर ती उलट बाजूने बोलत होती. आठवत नसलं तरी खोटं थोडंच आहे. सहा वर्षांपूर्वी दावा लावला तेव्हा तर आठवत होतं ना. तेव्हाच्या मीलूदवर आत्ताच्या मीलूदने विश्वास ठेवायला काय हरकत आहे. मुद्दे चांगले होते. स्पर्धेत टाळ्या पडल्या असत्या. मीलूद उशांच्या त्या ढिगाकडे बघत ऐकत राहिला आणि शेवटी म्हणाला, "पोरी, अल्लाच्या घरात उभं राहून म्हणायचंय. कालपर्यंत म्हणू शकलो असतो."

यामनाने बन्नानीबाईंना फोन लावला. फोनमधला आवाज सगळ्या खोलीत ऐकू येत होता.

"आठवत नाही असं तिथे म्हणू नका. ते नकार धरतात. सरळ शपथ परत पाठवा. अल्लालही हम्मूचाच मुलगा, तो कशाला घेतोय."

"आणि त्यानं घेतली तर?" मीलूद म्हणाला. "जे मला ठाऊक नाही, त्याचं ओझं त्याच्या मानेवर टाकू?"

"मानेचं मला माहीत नाही, मीलूदसाहेब. दारं तीन आहेत. त्यातल्या एकातून बाहेर पडा."

शुक्रवारी असरची नमाज झाली, गर्दी ओसरली. न्यायाधीश आणि कारकून मिहराबजवळ, पुढच्या भिंतीतल्या कमानीपाशी, चटईवर बसले. कारकुनाच्या मांडीवर फळी आणि फळीवर कागद. एका बाजूला मीलूद आणि बन्नानीबाई, दुसऱ्या बाजूला अल्लाल आणि त्याचे वकील. यामना आणि शामा बायकांच्या बाजूला खांबाजवळ बसल्या. शपथेसाठी मीलूदने पुन्हा, जरा जास्तच वेळ लावून वुजू केलं होतं, हातपाय-तोंड धुतलं होतं. त्याच्या दाढीतून अजून पाणी ठिबकत होतं.

"माझ्यामागून म्हणा," न्यायाधीश म्हणाले. "अल्लाची शपथ, ज्याच्यावाचून दुसरा ईश्वर नाही..."

मीलूद म्हणाला, "साहेब, मला आठवत नाही."

"काय आठवत नाही?"

"मी तेव्हा काय बोललो ते. आधी आठवत होतं. सांगून सांगून गेलं."

बन्नानीबाईंनी डोळे मिटले. कारकून न्यायाधीशांकडे वळला. "इथे लिहू काय? घेतली, नाकारली की परत केली?"

"यातलं एकही नाही," मीलूद म्हणाला.

"यातलंच एक लिहावं लागेल," न्यायाधीश म्हणाले. त्यांचा आवाज चढलेला नव्हता. "परत पाठवता का?"

"नाही."

"मग ती नाकारली असं होतं. तुमचा हिस्सा जातो. समजतंय ना तुम्हाला?"

"समजतंय."

कारकुनाने लिहिलं. शामाने खांबाला धरलेला हात काढला, पुन्हा धरला. अर्धी भट्टी जायला एवढासाच वेळ लागला. एक रोटी भाजायला याहून जास्त लागतो.

अल्लालच्या वकिलांनी हसून त्याच्या खांद्यावर थाप मारली. अल्लाल मात्र हलला नाही. त्याने मीलूदकडे पाहिलं आणि सहा वर्षांत पहिल्यांदा थेट त्याच्याशी बोलला.

"आठवत नाही म्हणजे काय?"

"नाही आठवत."

"सगळ्या गावात मला खोटारडा ठरवलंस."

"ते कागदात."

"मग मी खरा होतो, असं म्हण."

"तेही माहीत नाही, दादा."

"हे असं नाही चालायचं." अल्लाल न्यायाधीशांकडे वळला. "साहेब, मला द्या शपथ. मी घेतो."

"तुमच्या शपथेची गरज नाही," न्यायाधीश उठत म्हणाले. "तुम्ही जिंकलात."

"मला गरज आहे."

"कोर्टाला नाही."

न्यायाधीश आणि कारकून चपलांकडे गेले. अल्लाल मिहराबकडे तोंड करून उभा राहिला. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात त्याने सुरुवात केली. "अल्लाची शपथ, ज्याच्यावाचून दुसरा ईश्वर नाही, की माझा भाऊ मीलूद चाळिसाव्या दिवशी, मगरिबच्या नमाजेनंतर, बारीक शिंतोडे पडत असताना..."

"कलिंगड," यामना पुटपुटली.

शामा ताडकन उठून उभी राहिली. शिंतोडे त्याच्याकडेही होते. असणारच, इकडच्या वकिलाने लिहिलेलं तिकडच्या वकिलाने वाचायचं, त्याला उत्तर द्यायचं, त्या उत्तराला पुन्हा यांनी उत्तर द्यायचं. सहा वर्षांत तो पाऊस दोन्ही घरांत पडून गेला होता.

तिकडे अल्लालचं वाक्य पुढे जात नव्हतं. त्याने दोनदा "शिंतोडे पडत असताना" म्हटलं. मग तो नुसताच मान खाली घालून उभा राहिला. शेवटी वकिलांनी त्याचं कोपर धरून त्याला बाहेर नेलं.

निकालाचं पान लवकरच आलं. भट्टी संपूर्ण अल्लालची. आणि निकालानंतरचा पहिला सोमवार, आधीच्या पाळीप्रमाणे, मीलूदचा होता.

त्या सकाळी बायका फळ्या घेऊन आल्या तर भट्टीला कुलूप. आत आग नाही, बाहेर माणूस नाही. फळ्या ओट्यावर मांडून बायका उभ्या राहिल्या. फडक्यांखाली कणीक फुगत होती.

"कोर्टानं निकाल दिला," लल्ला मीना म्हणाली, "आता पेटवायलाही कोर्टच येणार का? जरा वेळानं माझ्या रोट्या फळीवरून उतरून आपल्याआपण घरी जातील."

शामा दप्तर घेऊन शाळेला निघाली होती. सगळ्या बायका तिच्याकडे बघायला लागल्या. ती चार दारं चालत गेली आणि अल्लालचं दार ठोठावलं. बतूलने उघडलं आणि बाजूला झाली. आत अल्लाल चहाचा पेला समोर ठेवून बसला होता.

"काका, भट्टी नाही पेटवायची का? फळ्या आल्यात."

"हा त्याचा आठवडा."

"आता त्यांचा आठवडा नसतो. निकाल लागला."

"निकाल मला काय सांगतेस? माझ्याच बाजूनं लागलाय." त्याने पेला उचलला आणि न पिता ठेवला. "त्याला सांग, आठवडा त्याचा आहे."

शामा परत आली. मीलूद घरात बिछान्यावर भिंतीकडे तोंड करून पडला होता, पण जागा होता.

"काका म्हणतात, तुमचा आठवडा आहे."

"भट्टी त्याची. मी हात लावला की अतिक्रमण होतं. तो लिहून देतो का?"

शामा पुन्हा चार दारं चालली. "बाबा विचारतात, लिहून देता का?"

अल्लालने बराच विचार केला. "माझ्या वकिलांना विचारावं लागेल."

शामा तिथे उभी राहिली. तिच्याकडे या माणसाला सांगण्यासारखं पुष्कळ होतं, एका दमात, मुद्देसूद. तिने त्यातलं काहीच सांगितलं नाही. दाराशेजारच्या खिळ्यावर भट्टीची किल्ली होती, ती तिने काढून घेतली आणि बाहेर पडली. मागे चपलांचा आवाज आला. बतूल होती. तिच्या हातात काडेपेटी होती.

"तुला पेटवता येते?" बतूलने विचारलं.

"नाही. तुला?"

"नाही."

दोघींनी मिळून लाकडं कोंबली, वर भुसा टाकला, काडी लावली. धूर झाला. मग आणखी धूर झाला. भट्टीतून, दारातून, छपराच्या फटीतून धूर निघाला आणि गल्लीभर पसरला. बायका ओढण्यांनी आणि फडक्यांनी नाक झाकून मागे सरकल्या. कुणी म्हणालं, गेली भट्टी, आता मिटलं एकदाचं.

गल्लीच्या वरच्या अंगाने अल्लाल धावत आला, खालच्या अंगाने मीलूद. एकाच्या पायात चपला नव्हत्या, दुसऱ्याच्या पायात बायकोच्या होत्या.

"धुराड्याचं झाकण उघडा आधी," अल्लाल ओरडला.

"झाकण नंतर," मीलूद आत शिरत म्हणाला, "आधी लाकडं मागे ढकला. असं तोंडाशी कोण रचतं?"

"लाकडं मागे ढकलून धूर जाणार कुठे? अब्बा आधी झाकण उघडायचे."

"अब्बा आधी लाकडं ढकलायचे. कितीदा बघितलंय मी."

"तू? तू तेव्हा एवढासा होतास, दाराशी बसून रडायचास."

"दाराशी बसूनच बघायचो."

खोकत खोकत हे चाललं होतं. शामा आणि बतूल, दोघींची तोंडं काळी, ओट्यावर बसून ऐकत होत्या. मग झाकण उघडलं की लाकडं ढकलली ते धुरात दिसलं नाही. दोन्ही झालं असावं, कारण धूर वर जायला लागला. मीलूद जवळ होता म्हणून फावडं त्याने उचललं. अल्लाल बाहेर उभं राहून आत सूचना देत राहिला, मीलूद एकही ऐकत नव्हता.

पहिल्या खेपेच्या रोट्या कोळसा झाल्या. त्यात लल्ला मीनाच्या होत्या, आणि ते तिने त्या आठवड्यात भेटेल त्याला सांगितलं. दुसऱ्या खेपेच्या बऱ्या निघाल्या. दुपारी अल्लाल घरी गेला.

पुढच्या सोमवारी अल्लाल आला. त्याच्या पुढच्या सोमवारी मीलूद. कागदावर भट्टी एकट्या अल्लालची आहे आणि तशीच राहील. आपल्या आठवड्यात मीलूद तिथे मालक म्हणून उभा असतो, नोकर म्हणून की भाऊ म्हणून, हे कुणी लिहून दिलेलं नाही, आणि कुणी पुन्हा मागितलेलंही नाही. शामाने एकदा त्याबद्दल विचारायला तोंड उघडलं होतं. यामनाने तिच्या हातात गरम रोटीचा तुकडा कोंबला आणि म्हणाली, "खा."